जोडीने ऐका : एका पेटीवाल्याची रीत

माझं दुकान शनिवार पेठेत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. पेट्या म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणं, भाते बदलणं, रीड (आतली सूर देणारी पितळी जीभ) घासून सूर लावणं हा वडलांचा धंदा, आता माझा. संध्याकाळी हातातलं काम संपलं की मी फळीवरच्या स्पीकरवर पाश्चात्य शास्त्रीय संगीत, बाख नाहीतर ब्राम्स, लावतो. गाण्यातली माणसं पेटी न्यायला येतात, दोन मिनिटं उभ्याने ऐकतात आणि विचारतात, "हे कळायचं कसं हो? आम्ही एकदा लावून पाहिलं. झोप लागली."

कसं लावलंत म्हटलं की उत्तर ठरलेलं. मोबाईलवर 'बेस्ट ऑफ मोत्सार्ट', तीन तासांचं, पोळ्या लाटता लाटता. अहो, असं ऐकलं तर अमीर खाँसाहेबांनीही झोप लागेल.

मला यातलं पुस्तकी ज्ञान नाही. नोटेशन मी अडखळत वाचतो. पण तीस वर्षं ऐकतोय आणि त्यातून एक रीत बसली आहे, ती सांगतो. एकेकटा संगीतकार ऐकू नका, जोडी ऐका. ज्याच्याकडून घेतलं तो आणि ज्याने घेतलं तो, एकापाठोपाठ एक, एकाच बैठकीत. आपल्याला किराणा आणि जयपूर ही घराणी वेगळी का ऐकू येतात? गुरूचं गाणं कानात असतं आणि शिष्याचंही, म्हणून. अब्दुल करीम खाँसाहेब ऐकले नसतील तर त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांनी काय उचललं, काय सोडलं, ते कळणार कुठून? तिकडेही घराणीच आहेत. फक्त त्यांची तालीम समोर बसून कमी आणि कागदावरून जास्त झाली. एकाने लिहिलं, दुसऱ्याने ते हाताने उतरवून काढलं. शंभर वर्षांनी तिसऱ्याने कपाटातून काढून वाजवलं.

सामान फार लागत नाही. बरे हेडफोन, एक वही, पेन्सिल आणि मोबाईलमधला तानपुरा. तानपुरा कशाला, ते पुढे येईल. घरात पेटी असेल तर ती शेजारी ठेवा, पांघरूण काढून.

हा तानपुऱ्याचा उद्योग मला एका फजितीतून सुचला.

१९९३ ची गोष्ट. कॅम्पात एक पारशी आंटी राहायच्या. घरात उभा जर्मन पियानो. त्यांचा पियानो लावणारा मुंबईहून यायचा, त्या वर्षी तो आजारी पडला. कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी पंचविशीतला, कानाचा माज असलेला. पेटीला सत्तर-ऐंशी रीड असतात, इथे दोनशेवर तारा, पण सूर म्हणजे सूर, असं म्हणून गेलो. चार दुपारी खपलो. पांढरी एकचा (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरला आणि त्यावर सगळं शुद्ध लावलं. गंधार असा की तानपुऱ्यातून स्वयंभू निघतो तसा, अजिबात डोल नाही. पंचम काचेसारखा. आम्ही धंद्यात याला गंधार ट्यूनिंग म्हणतो. एका स्वरात गाणाऱ्या गवयाला अशी पेटी दिली की तो खूश होऊन चहा पाजतो.

आंटी बसल्या. पांढरी एकवर काहीतरी वाजवलं. चेहरा खुलला. "वाह दीकरा!" मग त्यांनी रे आणि ध एकत्र दाबले. पंचमाचंच अंतर ते, पण पंचम कसला, कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज. मग त्या पांढरी तीनवर गेल्या. आता तिथला गंधार म्हणजे काळी चार. तो मी पांढरी एकच्या हिशेबाने कोमल धैवत म्हणून लावलेला. इथे तो इतका चढा लागला की आंटींनी हात काढून मांडीवर ठेवले. "ये क्या किया रे बावा? एक कमरा चमकाया, बाकी सब घर में पानी छोड दिया?"

मग त्यांनी मला पियानोच्या बाकावर बसवलं, बाकाच्या पोटातून एक जाड वही काढली आणि म्हणाल्या, हे ऐक, म्हणजे तुझं काय चुकलं ते कळेल. ती बाखची वही होती, १७२२ ची, 'वेल टेम्पर्ड क्लाव्हिअर'. बारा स्वर, प्रत्येकाचे दोन अवतार, मेजर (शुद्ध गंधाराचा) आणि मायनर (कोमल गंधाराचा), म्हणून चोवीस जोड्या : आधी एक प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा मोकळा तुकडा, मग एक फ्यूग, म्हणजे एकच मुखडा पाळीपाळीने निरनिराळ्या आवाजांत येतो ती रचना. वीसेक वर्षांनी बाखने अशाच आणखी चोवीस जोड्या लिहिल्या. मी बिघडवलेल्या त्या पियानोवर त्यातले फार तर पाच-सहा कानाला सोसवले असते.

यातलं गणित पेटी लावणाऱ्याला हाताने माहीत असतं. सा पासून पंचम, त्या पंचमाचा पंचम, असे बारा शुद्ध पंचम चढत गेलात तर सातव्या सप्तकातल्या सा वर परत यायला हवं. येत नाही. थोडे पुढे जाता. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले साधारण साडेतेवीस भाग उरतात. हा उरलेला तुकडा कुठेतरी जिरवावा लागतो. एकाच पंचमात ढकललात तर तो पंचम लांडग्यासारखा ओरडतो. युरोपातले लावणारे त्याला खरंच लांडगा म्हणत. थोडा थोडा सगळ्यांत वाटलात तर कुठलाच पंचम अगदी शुद्ध राहत नाही, पण सगळ्या पट्ट्यांवरून वाजवता येतं. आज पियानो आणि बाजारातली पेटी ज्या पद्धतीने लावतात तीत पंचम जेमतेम दोन भाग उतरा, आणि गंधार मात्र जवळजवळ चौदा भाग चढा. बाखच्या वेळची लावण्याची पद्धत आजच्यासारखी सपाट समान होती असं समजू नका. त्या नावाचा अर्थ एवढाच, की कुठल्याही स्वरावरून वाजवा, लांडगा निघणार नाही असं नीट लावलेलं वाद्य.

हा चौदा भाग चढा गंधार घेऊनच पेटी आपल्याकडे आली. तिचा जन्म १८४० च्या सुमाराचा, पॅरिसमधला. त्या गंधारापायी आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) नाही म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं. वडील शेवटपर्यंत त्या बंदीवर बोलायचे, जेवताना सुद्धा. मी मात्र आंटींकडून आल्यावर पहिल्यांदाच विचार केला की या तडजोडीच्या बदल्यात तिकडच्यांनी मिळवलं काय.

मिळवला तो हलणारा सा.

आपल्या कानाला तिकडचं संगीत भरकटल्यासारखं वाटतं, त्याचं नव्वद टक्के कारण हेच. आपला सा एकदा बसला की मैफल उठेपर्यंत हलत नाही. त्यांचा सा घर बदलतो, आणि त्या घर बदलण्यातच कथा असते. ते ऐकायला शिका, बाकीचं बरंचसं आपोआप येतं.

त्यासाठी तानपुरा. मोत्सार्टची चाळीसावी सिम्फनी (मोठ्या वाद्यवृंदाची, काही भागांची रचना) घ्या, १७८८ ची. त्या एका उन्हाळ्यात सहा-सात आठवड्यांत त्याने शेवटच्या तीन सिम्फनी लिहिल्या, त्यातली ही मधली. पहिला भाग तुम्ही ऐकलेला आहे, तुम्हाला माहीत नसलं तरी. सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया' सिनेमात 'इतना ना मुझसे तू प्यार बढा'ची चाल इथूनच घेतली. तर मोबाईलचा तानपुरा पांढरी पाचला लावा, आवाज बारीक ठेवा आणि सिम्फनी सुरू करा. सुरुवातीला छान जुळेल, कोमल गंधाराचा भाव लगेच ओळखाल. मिनिटभरात गाणं काळी पाचवर सरकतं. तानपुरा जरा परका वाटतो, पण चालतं, शेजारच्या वाड्यात गेल्यासारखं. हा सुरुवातीचा दोनेक मिनिटांचा भाग बहुतेक वाद्यवृंद परत वाजवतात. तो दुसऱ्यांदा संपला की फुंकीच्या वाद्यांचे दोन-चार सूर येतात आणि चाल थेट काळी तीनवर जाऊन उभी राहते. पांढरी पाचच्या अगदी खांद्याला लागून, पण नात्याने कोसो दूर. तुमचा तानपुरा तिथे असा कचाकचा चावेल की तुम्ही बंद करायला हात पुढे कराल.

बंद करू नका. वहीत वेळ लिहा. आता ऐकत राहा, तो घरी कसा परत येतो ते. तानपुरा चावायचा थांबतो तो क्षण पण लिहा. आणि शेवटाकडे, मघाशी काळी पाचवर हसरी वाटलेली चाल परत येते ती पांढरी पाचवर, कोमल गंधार घेऊन. तीच चाल, पण आता चेहरा पडलेला. पहिल्यांदा हे पकडलं तेव्हा माझ्या हातात घासायला घेतलेली रीड होती, ती टोकाशी जास्त घासली गेली आणि सूर चढला. (टोकाशी घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मग मुळाशी घासत बसलो.)

एक सूचना. काही वाद्यवृंद जुन्या पद्धतीची वाद्यं घेऊन जुन्या पट्टीत वाजवतात, ती आजच्यापेक्षा अर्ध्या स्वरापर्यंत खाली असते. तानपुरा पहिल्या सेकंदापासून चावला तर दोष तुमच्या कानाचा नाही, तानपुरा थोडा उतरवून घ्या.

सा हलल्याचं कळायला लागलं की जोड्या घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ज्या क्रमाने देतो तोच क्रम देतो.

पहिली जोडी विवाल्दी आणि बाख. विवाल्दी व्हेनिसचा, तिथल्या अनाथ मुलींच्या संस्थेत व्हायोलिन शिकवायचा. १७११ मध्ये त्याच्या बारा कॉन्चर्टोंचा (एक-दोन वाद्यं पुढे, वाद्यवृंद साथीला, अशा रचनांचा) संच अॅम्स्टरडॅमला छापला गेला. तो जर्मनीत पोचला आणि बाखच्या हाती लागला. बाख स्वतः इटलीला कधी गेला नाही. इटलीचं वारं त्याच्यापर्यंत आलं ते या कागदांवरून. त्याने विवाल्दीचे एकामागून एक कॉन्चर्टो आपल्या वाद्यांसाठी उतरवून घेतले. त्या संचातला दहावा कॉन्चर्टो चार व्हायोलिनांचा आहे. बाखने त्याचे चार हार्प्सिकॉर्डचे (पियानोच्या आधीचं, तार छेडून वाजणारं पट्ट्यांचं वाद्य) केले, लायपझिगमध्ये. तिथे तो एका कॉफीहाउसात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद चालवत होता. पुण्यात इराण्याकडे बनमस्का खाता खाता असं काही कानावर पडलं असतं तर आपण उठलोच नसतो.

दोन्ही पाठोपाठ ऐका. आधी विवाल्दी, पांढरी सातवर. मग बाख, एक स्वर खाली, पांढरी सहावर. चाल तीच, सुरावट तीच. पण गजाने सूर लांबवता येतो, हार्प्सिकॉर्डचा सूर टुण्ण करून मरतो. म्हणून जिथे विवाल्दी एका सुरावर निवांत थांबतो तिथे बाख हरकती भरतो, खालचा आवाज चालता ठेवतो, मधल्या आवाजांना काम देतो. पेटीवाल्याला हे लगेच उमजतं. मींड नाही म्हणून आमचे लोक जागा भरून काढतात ना, तेच. दुसरा भाग छोटा आहे. त्यात चारही व्हायोलिनं एकच सूरसमूह एकाच वेळी चार निरनिराळ्या पद्धतींनी तोडून वाजवतात. तो हेडफोनवर ऐका आणि एका वेळी एकच व्हायोलिन पकडून ठेवायचा प्रयत्न करा. नाही जमत, पण करा.

बाखचं हे उतरवून घेणं लहानपणापासूनचं. आईवडील गेल्यावर थोरल्या भावाकडे राहत होता. भावाच्या कपाटात एक स्वरलिपीची वही होती, ती हात लावायची नाही अशी ताकीद. पोराने जाळीतून हात घालून ती गुंडाळी करून ओढली आणि सहा महिने चांदण्या रात्री चंद्राच्या उजेडात नक्कल केली. भावाला कळलं, त्याने नक्कलही काढून घेतली. पुढे वीस वर्षांचा असताना चार आठवड्यांची रजा काढून बुक्स्टेहूड या ऑर्गनवादकाला ऐकायला चारशे किलोमीटर चालत ल्युबेकला गेला आणि आला चार महिन्यांनी. आपल्याकडे गुरूच्या शोधात घरातून पळालेल्यांच्या गोष्टी आहेत त्यांच्या शेजारी ही ठेवा.

दुसरी जोडी नाही, माळ आहे. त्याच 'वेल टेम्पर्ड'ची. बाख १७५० मध्ये गेला तेव्हा ही वही छापलेली नव्हती, ती छापली गेली १८०१ मध्ये. मधली पन्नास वर्षं ती हाताने उतरवलेल्या प्रतींवर जगली. बॉनमध्ये बारा वर्षांचं एक पोरगं ती जवळजवळ सगळी वाजवतं, असं त्याच्या गुरूने १७८३ मध्ये छापून सांगितलं. ते पोरगं म्हणजे बेथोवन. व्हिएन्नात मोत्सार्ट १७८२ पासून दर रविवारी दुपारी बारा वाजता एका सरदाराकडे जायचा, तिथे बाख आणि हँडेलशिवाय दुसरं काही वाजत नसे. शोपँ १८३८ च्या हिवाळ्यात माजोर्का बेटावर आजारी पडलेला, सामानात ही वही. तिथे त्याने आपले चोवीस प्रिल्यूड पुरे केले, बारा स्वरांच्या दोन्ही अवतारांतले. शुमान शिकणाऱ्या मुलांना सांगायचा की ही तुमची रोजची भाकरी समजा. आणि १९५० मध्ये बाखला जाऊन दोनशे वर्षं झाली तेव्हा रशियाचा शोस्ताकोविच लायपझिगला गेला, आणि मॉस्कोला परतून स्वतःचे चोवीस प्रिल्यूड आणि फ्यूग लिहायला बसला.

यातलं काय ऐकायचं? दोनच गोष्टी. पहिल्या खंडातला पहिला प्रिल्यूड, पांढरी एकवरचा. दोन मिनिटांचा आहे, एकही चाल नाही, नुसते सूर एकामागून एक उलगडतात. मग त्याच्यावर फ्रान्सच्या गूनोने शंभरावर वर्षांनी एक चाल ठेवली, ती 'आवे मारिया' म्हणून लग्नात, चर्चमध्ये सगळीकडे वाजते. ती ऐका. खालचा बाख जवळजवळ जसाच्या तसा आहे. मला विचाराल तर गूनोने साखर जरा जास्त घातली.

दुसरी, त्याच खंडातला दुसरा फ्यूग, सी मायनरचा, म्हणजे पांढरी एक आणि कोमल गंधार. दीड-पावणेदोन मिनिटं. फ्यूगला घाबरू नका. मुखडा लक्षात ठेवायचा, बस्स. इथे तीन आवाज आहेत. मुखडा आधी मधला आवाज एकटा घेतो. मग वरचा घेतो, पंचमावरून. मग खालचा. त्यापुढे तो कधी वर, कधी खाली, कधी अंधारात सापडतो. पेन्सिलने वहीत रेघ मारा, मुखडा आला की एक रेघ, वरचा असेल तर वर, खालचा असेल तर खाली. माझ्या पहिल्या वेळी पाच झाल्या. आंटींनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "आधा तो सोया तू." आठ सापडेपर्यंत आठवडा गेला.

हायडनवर मी फार वेळ घालवत नाही, हा माझा दोष आहे. पण त्याला वगळून पुढे जाता येत नाही. सिम्फनी आणि चार तारवाद्यांची क्वार्टेट यांचा सांगाडा त्यानेच ठोकून पक्का केला, एस्टरहाझी सरदाराच्या पदरी राहून. १७७२ मध्ये वादकांना उन्हाळी महालातून घरी जायची सुट्टी मिळेना, तर त्याने एक सिम्फनी अशी लिहिली की शेवटी एकेक वादक मेणबत्ती विझवून उठून जातो आणि दोन व्हायोलिनं उरतात. सरदार समजला. पुण्यातल्या कुठल्या ऑफिसात हे करून बघण्यासारखं आहे. मोत्सार्टने १७८५ मध्ये सहा क्वार्टेट हायडनला अर्पण केली, आणि बेथोवन १७९२ मध्ये व्हिएन्नाला आला तो हायडनकडे शिकायला. एवढं लक्षात ठेवा आणि चला.

तिसरी जोडी माझी सगळ्यात लाडकी, कारण ती पेटीवर वाजवून दाखवता येते. मोत्सार्टच्या त्याच चाळीसाव्या सिम्फनीचा शेवटचा भाग आणि बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीचा तिसरा. पेटी ओढा. मंद्र पंचमापासून : प, सा, कोमल ग, प, तार सा, तार कोमल ग, तार रे. पटपट, उसळी मारल्यासारखं वाजवा, की तो मोत्सार्ट, पांढरी पाचवरून. आता पांढरी एकचा सा धरा, तेच स्वर हळू वाजवा, दबक्या पावलांनी, की तो बेथोवन. चेलो आणि त्याहून खालची तारवाद्यं अंधारात जिना चढत असल्यासारखी. हे योगायोगाने झालेलं नाही. बेथोवनच्या कच्च्या वहीत पाचव्या सिम्फनीच्या कामाशेजारी मोत्सार्टच्या त्या शेवटच्या भागाचे एकोणतीस बार (तालाचे तेवढे खंड) त्याच्या हाताने उतरवलेले सापडले आहेत. स्वर तेच घेतले आणि लय, पट्टी, वजन सगळं बदलून टाकलं. चोरी कुणी म्हणणार नाही. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकली आहे ना आपण?

आणि जिना चढून झाल्यावर हॉर्न येतात, ठणठणीत, तीन आखूड एक लांब. म्हणजे पहिल्या भागातला तो जगप्रसिद्ध ठोका, वेष बदलून. एकाच चार सुरांच्या ठोक्यावर अख्खी इमारत उभी करायची, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांच्या लोकांनी बेथोवनकडून उचलली. पाचवी पहिल्यांदा वाजली २२ डिसेंबर १८०८ ला, व्हिएन्नात, गारठलेल्या थिएटरात, चार तासांच्या कार्यक्रमात. त्याच रात्री सहावीही पहिल्यांदाच वाजली. सवाईच्या रात्री शाल गुंडाळून बसलेल्यांना त्या श्रोत्यांबद्दल सहानुभूती वाटायला हरकत नाही.

चौथी जोडी बेथोवनची नववी आणि ब्राम्सची पहिली, दोन्हींचे शेवटचे भाग. नववीची चाल कोणत्याही शाळकरी पोराला पेटीवर पाच मिनिटांत येते : ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. सगळे शुद्ध. पांढरी दोनचा सा धरा. बेथोवन ती आधी सगळ्यात खालच्या तारांवर, जवळजवळ पुटपुटल्यासारखी देतो, मग थरावर थर चढवतो, आणि कितीतरी वेळाने माणसाचा आवाज येतो. सिम्फनीत माणसं गातात हे तेव्हा नवलच होतं. १८२४ मध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं. टाळ्या पडताहेत हे दिसावं म्हणून एका गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवलं. हीच चाल १९८५ पासून युरोपीय देशांच्या संघाचं गीत आहे, शब्दांशिवाय.

आता त्याच्यानंतर सिम्फनी लिहायला बसणाऱ्याची अवस्था काय होईल? ब्राम्स वीसेक वर्षं पहिल्या सिम्फनीशी झगडत होता. ती बाहेर आली १८७६ मध्ये, तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा. शेवटच्या भागात लांब, धुक्यासारखी सुरुवात आहे, मग हॉर्नवर डोंगरातली हाक येते, आणि मग व्हायोलिनांवर एक रुंद, चालती चाल. ती ऐकताच तुम्ही 'ग ग म प' म्हणाल. स्वर तेच नाहीत, पण चेहरेपट्टी तीच. लोकांनी हे ब्राम्सला सांगितलं की तो वैतागे. हे तर कुठल्या गाढवालाही दिसतं, असं म्हणे. मी त्याच्या बाजूचा आहे. मुद्दा साम्याचा नाहीच, पुढे तो काय करतो त्याचा आहे. बेथोवन चाल मोठी मोठी करत गर्दी जमवतो. ब्राम्स ती फोडतो, तुकडे घेऊन विणतो, आणि पूर्ण चाल शेवटी परत देतच नाही. इथे वही बाजूला ठेवा. इथे मी कधीच काही लिहू शकलेलो नाही.

ब्राम्सने पुढे प्रागच्या ड्वोरझाकसाठी आपल्या प्रकाशकाकडे शब्द टाकला. ड्वोरझाक, स्मेताना, ग्रीग, सिबेलियस यांनी आपापल्या मुलखातल्या चाली याच जर्मन सांगाड्यात बसवल्या. ती वाट वेगळी, तिच्यावर मी अजून पुरता चाललेलो नाही.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर कॅम्पात दस्तुर शाळेच्या माझदा हॉलकडे लक्ष ठेवा, पाश्चात्य संगीताच्या मैफिली तिथे होतात. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. जाण्याआधी घरी कार्यक्रमातली एक तरी रचना तीनदा ऐकून जा. आणि टाळीचं सांभाळा. सिम्फनीचे सहसा चार भाग असतात, मधे टाळी वाजवत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिला भाग इतका रंगला की मी एकट्याने टाळी वाजवली, वर "क्या बात है" म्हणालो. पुढच्या रांगेतली सगळी डोकी वळली. पुढे कळलं, बेथोवनच्या काळात लोक मधे टाळ्या वाजवायचे, आवडलेला भाग परत मागायचे. म्हणजे मी दोनशे वर्षं उशिरा पोचलो होतो, एवढंच. तरी तुम्ही वाजवू नका.

शेवटची जोडी गमतीची. वाग्नरच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्ड'ची सुरुवात, १८६५ ची. मोबाईलचा तानपुरा घ्या आणि याचा सा शोधा. मी पांढरीपासून काळीपर्यंत सगळ्या पट्ट्या लावून पाहिल्या. कुठेही लावा, दोन क्षण बरं वाटतं की तो निसटतो. बाखने बारा खोल्यांची दारं उघडली, याने घरच मोडून टाकलं, आणि पुढची पन्नास वर्षं युरोपातले निम्मे संगीतकार त्याच्या मागे आणि निम्मे त्याच्यापासून दूर पळत होते. पळणाऱ्यांत पॅरिसचा देब्युसी. त्याने १८८९ च्या प्रदर्शनात जावा बेटाचा गॅमेलान (घंटा-थाळ्यांसारख्या धातूच्या वाद्यांचा ताफा) ऐकला आणि त्याला वाग्नरशिवाय दुसरं आकाश दिसलं. त्याने १९०८ मध्ये लहान लेकीसाठी पियानोचे सहा तुकडे लिहिले. शेवटच्यात, 'गॉलिवॉग्ज केकवॉक'मध्ये, मधेच वाग्नरची ती सुरुवात फार भावनेने वाजवायची सूचना आहे, आणि लगेच मागून टिकटिक टिकटिक, कोणीतरी तोंडावर हात ठेवून हसल्यासारखी.

आंटी तिथे दर वेळी स्वतःच हसायच्या आणि चुकायच्या. मुंबईचा माणूस बरा होऊन आल्यावर त्याने पियानो परत नीट लावला होता. मी शेजारी बसून बघत होतो, तो प्रत्येक पंचम केसभर कसा उतरवतो ते. पियानो पुढे विकला गेला, त्यांच्या मुलाने बाक मला देऊन टाकला. आता तो दुकानात आहे, गिऱ्हाईक बसतं त्यावर. झाकण उचललं की आत बाखची वही आहे, दुसऱ्या फ्यूगवर त्यांनी पेन्सिलने घातलेले बोटांचे आकडे. माझ्या पाच रेघांची वहीही तिथेच ठेवली आहे, बघायची असेल तर सांगा.